मासिकातला फोन आणि आखाजी

पुण्याहून टपालाने येणाऱ्या एका विज्ञान मासिकात उद्याच्या जगाबद्दल दोन पानं असायची. बुऱ्हाणपूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मी, ती वर्गात मोठ्या ऐटीत वाचून दाखवायचो. उडत्या मोटारी, जेवणाऐवजी गोळ्या, भांडी घासणारा यंत्रमानव. बायको म्हणायची, "गोळी खाऊन ढेकर येईल का, तेवढं विचारा तुमच्या मासिकाला."

यातलं आलं काय? मोटारी अजून खड्ड्यांतूनच जातात. भांडी मीच घासतो. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. खरा ठरला तो एकच शोध, समोरच्याचा चेहरा दाखवणारा फोन. मुलगी बंगळुरूला असते. त्या फोनवर ती पहिल्यांदा दिसली तेव्हा माझी छाती अशी फुगली, जणू शोध मीच लावला होता. आता अंतर मिटलं, असं मी गल्लीभर सांगत सुटलो.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते. पण ती आपली आपण येत नाही. माहेरचं कुणीतरी मुराळी होऊन तिला आणायला जातं, मगच ती निघते. बायको होती तोवर दरवर्षी मला तिकीट काढून पिटाळायची. इतका प्रवास करून जायचं, जावयाकडे चहा प्यायचा आणि लेकीला घेऊन परतायचं. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. बायको गेल्यावर मी अक्कल चालवली आणि फोनवरच म्हणू लागलो, "आखाजीला ये गं." ती म्हणायची, "बघते पप्पा." दोन वर्षं आली नाही.

घर खायला उठतं हो. यंदा मी हट्टाने अंगणातल्या कडुलिंबाला आखाजीचा झोका बांधला, आंब्याचा रस काढला, शेजारच्या वहिनींकडून पुरणपोळ्या करून घेतल्या. यंदाही आली नाही. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी तापलेलाच होतो. झोका दाखवला, रसाचं पातेलं दाखवलं.

"सुट्टी होती ना तुला? मग का नाही आलीस?"

ती म्हणाली, "मुराळी कुठं आला, पप्पा?"

मला हसूच आलं. "अगं, या जमान्यात? रोज तर दिसतो आपण एकमेकांना!"

"ते ठीक आहे. पण सासूबाई विचारतात ना, यंदा पण कोणी घ्यायला नाही आलं का? मी काय सांगू? तिन्ही वर्षं बॅग भरून ठेवली होती मी."

रागबिग सगळा उतरला. एवढं शिकवलं जगाला, आणि हे मला कळलं नव्हतं.

"उद्याच निघतो," मी म्हणालो. "सकाळच्या गाडीनं."

"आखाजी तर झाली, पप्पा."

असं म्हणून तिने पदराने डोळे पुसले. मला ते अगदी स्वच्छ दिसलं.