वारुळाची अळंबी

"वळख न्हाई, तर हात न्हाई," असं म्हणत मावशी माझ्या मनगटावर हलकी चापट मारायची. रानात अळंबी दिसली की माझा हात लगेच पुढे जाई.

रिहे गावाच्या रस्त्यानं गेला असाल तर तुम्ही तिला पाहिलं असेल. श्रावणात सागाच्या पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसलेली. बावधनच्या एका गाडीवाल्यानं विचारलं, "ऑरगॅनिक आहे का?" मावशी म्हणाली, "न्हाई, वारुळाची हाय."

मी तिथल्या शाळेत शिकवत होते, मावशी जवळच्याच वाडीवरची. रविवारी ती मला रानात न्यायची. धुक्यात पुढे चालणारी मावशी दिसायची नाही, नुसत्या बांगड्या ऐकू यायच्या. त्या आवाजामागे मी झोपेत चालावं तशी चालत राहायची. वारुळापाशी ती मातीला हात लावायची, अळंबी खुडायची, पण चार-सहा तशीच ठेवायची. "वाळवीचं घर हाय ते. आपलं न्हाई."

एकदा मी तिच्या नकळत झाडाखालची पांढरीशुभ्र अळंबी खुडली. इतकी देखणी, की धुक्यातही उजळ दिसत होती. शिजवून तिलाच चकित करायचं म्हणून ओढणीत लपवली. पण ओढ्यावर तिनं ओढणीची गाठ पाहिली आणि सोडायला लावली.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. मावशी मटकन खाली बसली.

"माजी लेक अशीच घिऊन आली व्हती," ती म्हणाली. "मी भातलावणीला गेलते. पोरीनं रांधलं, एकटीनंच खाल्लं. आईला दावायचं व्हतं तिला, की मला बी येतंय. तिसऱ्या दिशी गेली, बाई."

तिनं ती अळंबी खड्डा करून पुरली. मग माझा हात ओढ्यात धरला आणि एकेक बोट चोळून धुतलं, लहान मुलाचं धुवावं तसं. पाणी गार होतं. ती बराच वेळ धूत राहिली.

यंदा उन्हाळ्यात मावशी तापानं गेली. मी सुट्टीत गावी होते, मला उशिरा कळलं.

श्रावणात वाडीवर गेले. धुकं पार दाराच्या आत आलं होतं. मावशीच्या सुनेनं चुलीवरून अळंबीचं कालवण उतरवलं.

"आत्यानी दावली तेवढीच आनते," ती म्हणाली. "खावा, बाई."

तिनं आधी आपल्या लेकीला मांडीवर घेतलं, फुंकर घालून एक घास भरवला. मग मी ताटली जवळ ओढली.