कमी तिखटाचा पुडा

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या चौकातला भडंगवाला गिऱ्हाइकाला नाव विचारत नाही, तिखट किती ते विचारतो. तेही एकदाच, मग विसरत नाही. गेली सहा वर्षं तो माझे दोन पुडे न सांगता बांधतोय. एक झणझणीत, दुसरा कमी तिखटाचा, शेंगदाणे जास्त. दुसरा कुणाचा, असं त्यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं. "मित्राचा. एकत्र राहतो आम्ही," मी म्हणालो. तो "व्हय" म्हणाला आणि कढईतला लसूण हलवत राहिला. त्या कोरड्या "व्हय"चा मला कितीतरी दिवस राग होता.

खरं तर राग माझा मलाच यायला हवा होता. पुण्याच्या मोर्चात आम्हा दोघांच्या लग्नाचा हक्क मागून मी घसा बसवून आलो, आणि सांगलीत उतरल्यावर पुन्हा "मित्र" म्हणायला लागलो.

परवा तो लेकीच्या लग्नाच्या पत्रिका देत होता. एकट्यादुकट्याला नुसतं "या", नवराबायकोला "जोडीनं या". माझ्या पत्रिकेला त्यानं कुंकवाचं बोट लावलं आणि ती दोन्ही पुड्यांवर ठेवली.

"आवं, जोडीनं या. रस्सा लय तिखट हाय, त्यांचं वायलं काढून ठेवतो."

मागं चार माणसं उभी होती. माझे कान तापले.

"येतो आम्ही दोघं," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला, अगदी पहिल्या दिवसासारखाच, आणि लसूण हलवायला लागला.