मटार सोलतानाचा फोटो

ईरा, निहार,

"आजी, माझ्या फोटोचा उपयोग झाला का?" असं ईरा दर रविवारी फोनवर विचारते आणि मी दर वेळी लखनौच्या थंडीबद्दल बोलू लागते. आता लिहूनच सांगते. फोनवर मला रडू फुटेल आणि तुमचे बाबा लगेच विमानाची तिकिटं बघायला लागतील. शिवाय थायरॉइडचा त्रास घराण्यात उतरू शकतो. पुढे तुमच्यापैकी कोणाचे डोळे विनाकारण पाणावू लागले, तर आजीला काय झालं होतं हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

उपयोग झाला. तो फोटो पाहूनच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माताजी, यह पुराना नहीं है। बीमारी लौट आई है।"

हा आजार मला पहिल्यांदा झाला तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता. आम्ही इथेच लखनौत, मानक नगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आबा इंजिनिअर होते, मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. आधी वजन उतरलं, छाती धडधडू लागली, मग डोळे पुढे येऊ लागले. याला थायरॉइड आय डिसीज म्हणतात. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच थायरॉइडवर आणि डोळ्यांमागच्या स्नायूंवर उलटते. ते सुजतात. खोबणीत जागा नसते, म्हणून डोळा पुढे ढकलला जातो. पापणी वर ओढली जाते आणि माणूस सतत रागावलेला दिसतो. आमचा भाजीवाला म्हणायचा, "अरे बहनजी, घूर काहे रही हैं? तौल पूरी है, कसम से!" मी त्याच्यासमोर हसायचे आणि घरी येऊन आरशावर टॉवेल टाकायचे.

गोळ्या झाल्या, स्टेरॉइडची सलाईन झाली, सूज उतरली. एक सवय मात्र तेव्हापासून लागली ती लागलीच. फोटो काढायची वेळ आली की कॅमेरा मी हातात घ्यायचे. तुमची बारशी, वाढदिवस, चारबाग स्टेशनवर सामानासकट उभे असलेले तुम्ही, सगळे फोटो मीच काढलेले आहेत.

या हिवाळ्यात इथे तेलीबागच्या घरी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं. वर पाहिलं की दुखायचं. आबा म्हणाले, धूळ असेल. मग एका सकाळी मला दोन कप दिसले आणि मी नसलेल्या कपात चहा ओतला.

"जन्मभर माझ्यावर डोळे वटारलेस," आबा म्हणाले, "आता बघ, दोन-दोन नवरे!"

मी हसले नाही. तेव्हा त्यांनी फडकं घेऊन टेबल पुसलं आणि मला दवाखान्यात न्यायला चपला घातल्या.

दवाखान्यात कंपाउंडर दारातून ओरडायचा, "थायरॉइड वाली माताजी!" आणि बाकावरच्या आम्ही दोघी-तिघी एकदम उठायचो. डॉक्टरीणबाईंनी पट्टीसारखं एक साधन लावून डोळा किती पुढे आहे ते मोजलं. पण तो आधीच्या आजारातला उरलेला फुगीरपणा की नवा, हे कसं ठरवायचं? पहिले डॉक्टर आता हयात नाहीत, त्यांच्याकडची मोजमापं मिळेनात.

"बीच के सालों की कोई फोटो होगी? सामने देखती हुई?"

"डॉक्टर साहिबा," आबा म्हणाले, "ये तो फोटोग्राफर हैं. इनकी फोटो कौन खींचता?"

आम्ही सगळे अल्बम काढले. एका फोटोत गवतावर माझी सावली पडली आहे. तेवढीच मी.

म्हणून तुमच्या बाबांना विचारलं, आणि ईराने तो पाठवला. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आला होतात, मी गच्चीत उन्हात मटार सोलत होते, ईरा, तू "आजी!" म्हणालीस आणि मी वर पाहिलं. "तू रागावशील म्हणून तेव्हा दाखवला नाही," असं तू लिहिलंस. बाळा, तो पाहून आधी मला आनंद झाला. दोन्ही पापण्या जागच्या जागी, डोळे शांत. लोकांपासून लपवावं असं त्या चेहऱ्यात काही नव्हतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग डॉक्टरीणबाईंनी फोनवरचा तो फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला.

त्यांनी एका बाटलीचं लाल झाकण घेतलं आणि एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. उजव्याला लाल दिसलं. डाव्याला जुन्या विटेसारखं. ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, दाबली गेली आहे. त्याच दिवशी दाखल केलं. पुन्हा तीच सलाईन, तोच सुजलेला चेहरा, तीच उडालेली झोप. पहिल्या वेळी यातून बाहेर पडायचं आहे असं वाटत होतं. या वेळी बाहेर पडूनही पुन्हा इथेच यावं लागेल असं वाटतं. सूज थोडी उतरली, नजर मात्र धूसरच. खोबणीतलं थोडं हाड काढून नसेला जागा करून देण्याचं ऑपरेशन आहे, पण स्टेरॉइडने साखर वाढली आहे, ती उतरेपर्यंत थांबायचं. थांबण्यात नस आणखी सुकेल का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी नुसता माझा हात धरला.

आबा म्हणतात, सगळं ठीक होईल. मी हो म्हणून मान हलवते. माझा विश्वास बसत नाही.

ईरा, तुझ्या फोटोने आजार आणला नाही. तो आधीच आला होता, फोटोने नुसता दाखवला. अधूनमधून एकेक डोळा झाकून बघत जा, दोघंही. सिगारेटला कधी हात लावू नका, तिने हा आजार फार चिघळतो. आणि कोणी फोटो काढत असेल तर बाजूला सरू नका.

डावा डोळा वाचेल की नाही, मला माहीत नाही. उजवा शाबूत आहे. डाव्यावर पट्टी लावली की ओळी एकेरी दिसतात. हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, आणि लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचूनही काढलं.