हितं समदेच पेशंट

दीक्षा शिवशरण शाळेचे गणवेश शिवते. सोलापुरात हे काम करणाऱ्या बायका पुष्कळ, पण दीक्षानं बसवलेली कॉलर वर्षभर ताठ राहते असं कारखान्यात म्हणतात, आणि दीक्षाही ते नाकारत नाही.

ऐन पंचविशीत एका उन्हाळ्यात तिची झोप उडाली. डोक्यात कल्पनांची जत्रा भरली. कारखान्यातला निळ्या कापडाचा अख्खा तागा कापून तिनं गल्लीतल्या पोरींना घेरदार फ्रॉक शिवायला घेतले. पोरी खूश, मालक वीरभद्रप्पा डोक्याला हात लावून बसले. पावसाळ्यात मात्र तीच दीक्षा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. वेणी घालायचंही त्राण उरलं नाही. शेजारणी कुजबुजल्या, "बाहेरचं काहीतरी असंल."

तिची आई केसरबाई फणकारली, "बाहेरचं न्हाय, डोक्यातलं हाय. आन डोक्याला बी डॉक्टर असतोय."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन कधी वाऱ्यावर, तर कधी विहिरीच्या तळाशी. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू ती ताळ्यावर आली, वीरभद्रप्पांनीही तिला परत मशीनवर बसवलं. पण बोलायचं कुणाशी? घरातले जपून बोलायचे आणि बाहेरचे विषयच टाळायचे.

बोलायला माणूस भेटलं ते बऱ्याच वर्षांनी, दवाखान्याच्या बाकावर. मैंदर्गीची गंगम्मा. साठीची, कपाळभर कुंकू, मराठीत अधूनमधून कानडी.

"माझ्या कानात एक बाई बोलती," गंगम्मानं सरळ सांगून टाकलं. "आदी लई भ्याले. आता गोळी घेते आन म्हनते, तू बोल बाई, मी भाकरी थापते."

दीक्षाला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली.

"हस की गं यव्वा. मी बी हसते."

त्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या टपरीवर दोघींचा चहा लांबत गेला. पुढच्या खेपेला बाकावरचे आणखी दोघं-तिघं आले. टपरीवर जागा पुरेना, तेव्हा दीक्षानं आपल्या वस्तीतल्या बुद्धविहाराचा हॉल मागितला. रविवारी दुपारी तो रिकामाच असायचा. कुणी सल्ला द्यायचा नाही, कुणाची गोष्ट बाहेर न्यायची नाही, आणि रडू आलं तर रडायचं, एवढंच ठरलं. एकदा एक नवा माणूस दारातूनच विचारू लागला, "यातले डॉक्टर कोण?"

"कोन न्हाय," गंगम्मा म्हणाली. "हितं समदेच पेशंट. या, बसा."

शहाजी असाच आला. मोबाइल दुरुस्त करणारा, पंचविशीतला, ऑटिस्टिक. त्याला गोंगाट सोसत नाही आणि मनात एक, तोंडावर एक हे जमत नाही. गंगम्मानं हौसेनं केलेली चटणी त्याला पहिल्याच दिवशी खारट लागली आणि त्यानं तसं सांगितलं. गंगम्मानं चाखून बघितली. खारटच होती.

यंदा मार्चमध्ये गटाचा वर्धापनदिन आला, आणि दीक्षाला उत्साह चढला. आधी म्हणाली, सगळ्यांनी मिळून भाकरी खाऊ. मग म्हणाली, मांडव घालू. मग वस्तीला जेवण, मग मिरवणूक, पुढं बँजो पार्टी! बँजोवाल्याला तिनं सांगूनही टाकलं. रविवारी ती हॉलमध्ये उभ्यानंच बोलत सुटली. डोळे चमकत होते, एक वाक्य संपायच्या आत दुसरं धावत होतं.

"ताई," शहाजी म्हणाला, "तुमी लई जोरात बोलायलाव. माझे कान दुखायलेत. आन तुमी सांगितलं होतं, मी झोपंनाशी झाले की मला सांगा. मी भांडले तरी सांगा. तुमचे मेसेज मला पहाटे यायलेत. म्हणून सांगतोय."



"माझा आनंद बघवत नाही तुम्हाला!" दीक्षा कडाडली. पायात चपला अडकवून बाहेर पडली आणि विहाराच्या पायरीवर जाऊन बसली. मागोमाग गंगम्मा आली. थोडं अंतर ठेवून, गुडघे धरत खाली बसली.

मग म्हणाली, "माझी बाई बोलाया लागली की तू मला गप म्हनत न्हाईस. इचारतीस, काय म्हनती गं ती? आता मी इचारते. तुजं डोकं काय म्हनतंय?"

दीक्षानं रागानं चपला काढून बाजूला टाकल्या. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणतंय, थांबू नको. थांबलीस तर परत तळाला जाशील."

"व्हय? मंग त्याला म्हन, डॉक्टरकडं जाऊन येते, आल्यावर बोलू. माझी बाई ऐकती की असलं."

दीक्षाला रडू आलं आणि त्यातच हसूही.

तेवढ्यात हॉलच्या दारातून शहाजी फोनवर बोलताना ऐकू आला. "बँजो रद्द. न्हाय, भांडण न्हाय. ताईंची झोप झाली न्हाय, आन मला बँजो आवडत न्हाय. ठेवतो."

दुसऱ्या दिवशी केसरबाई आणि गंगम्मा तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. "वेळेवर आलात," ते म्हणाले, "नाहीतर भरती करावं लागलं असतं." दीक्षानं कारखान्यात रजा टाकली. काही दिवस ती नुसती झोपली. गटातली माणसं आळीपाळीनं येऊन केसरबाईंशी गप्पा मारून जात, म्हणजे त्या माउलीलाही जरा मोकळं वाटावं. तळ आलाच नाही असं नाही, पण या वेळी तो फार खोल नव्हता.

वर्धापनदिन एप्रिलच्या अखेरीस झाला. मांडव नाही, मिरवणूक नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि हॉलभर माणसं. शहाजीला दाराजवळची खुर्ची राखून ठेवली होती. गोंगाट वाढला की तो अंगणात फेरी मारून परत येई. नव्या गोळ्यांमुळं दीक्षा थोडी संथ झाली होती, म्हणून बैठक गंगम्मानं चालवली आणि मध्येच कानडीत शिरून कधी बाहेर आली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"काय म्हणाली ही?" एकानं दीक्षाला विचारलं.

"मला काय ठाऊक," दीक्षा म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. "पण चांगलंच बोलली असणार."