फुकट काढलेले दात

महाड-पोलादपूर टापूत काकडीला घाबरणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या वाट्याला दीर म्हणून आला. भाऊजींनी उमेदीची सगळी वर्षं मुंबईत एका दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून काढली. डॉक्टर वारले, तेव्हा त्यांचे चिमटे घेऊन भाऊजी महाडला आमच्याकडे राहायला आले. गावात दातांचा डॉक्टर नव्हता. माणसं गाल धरून आमच्या ओटीवर येऊ लागली. भाऊजींचा हात हलका होता, पण पदवी नव्हती, नोंदणी नव्हती, आणि नोंदणीशिवाय दातांचा धंदा करायला बंदी घालणारा नवा कायदा झालेला त्यांना ठाऊक होता. शेजारच्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, "फी घेतलीत तर धंदा ठरेल, आत जाल. फुकट केलंत तर बघू." त्या 'बघू'वर भाऊजी जगत होते.

पैशाला तर ते शिवतच नसत, पण आमच्याकडची माणसं उपकार अंगावर ठेवून घेत नाहीत. नाते गावचा एक म्हातारा दात काढून घेऊन गेला, तर ओटीच्या कोपऱ्यात दोन काकड्या. भाऊजी त्या घेऊन, धोतर सावरत, भर बाजारात त्याच्या मागे धावले. "परत घ्या. ही फी होते."

"फी कसली? काकडी हाय ती," म्हातारा थुंकून म्हणाला.

खाकीतला पोस्टमन दिसला तरी भाऊजी चिमटे माझ्या पिठाच्या डब्यात खुपसत. मी हसत नसे. घरात दोन मुली लग्नाच्या होत्या, आणि दारावरची प्रत्येक थाप मला पोलिसाची वाटे. "बंद करा हे," मी रोज सांगे.

मग कशेडीकडच्या वाडीतली एक बाई नवऱ्याबरोबर आली. दाढ निघाली, रक्त थांबेना. उकळलेल्या कापडाच्या घड्या एकामागून एक भिजल्या, बाईचे ओठ पांढरे पडले. सरकारी दवाखान्यात न्यावं, तर पहिला प्रश्न तोच येणार : दाढ कुणी काढली? मी आणखी कापड उकळायला ठेवलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाडी बोलवा."

नवराच त्यांना धीर देऊ लागला. "घाबरताव कशाला? पैसं नाय घेतलंत. तुमाला कोण काय बोलतंय?"

"वकिलांनी मला पोलिसांचं सांगितलं रे," भाऊजी म्हणाले, "हिचं नाही सांगितलं."

दवाखान्यात कुणी विचारण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं, की दाढ मी काढली. डॉक्टरांनी टाके घातले, बाई वाचली. पोलिसांत कळवलं नाही. "पुन्हा करू नका" एवढंच म्हणाले.

भाऊजींनी पुन्हा केलं नाही. मला हवं होतं तेच झालं, पण माणसं येतच राहिली. मग भाऊजी त्यांना एस.टी.त घालून मुंबईला एका पदवीवाल्या डॉक्टरांकडे नेऊ लागले. तिथे खुर्चीमागे उभं राहून घाबरलेल्या माणसाचं डोकं दोन्ही हातांत धरायचं, एवढंच त्यांचं काम.

एकदा परत आल्यावर पाय धुता धुता त्यांनी हळूच विचारलं, "डोकं धरायला कलम नाही ना, वहिनी?"

मी नाही म्हणाले. वकिलांना मी विचारलं नव्हतं.