मंगळवारची लाइट

हेमांगी मॅडम वरसे गावाहून रोज सकाळची एसटी धरून पेणच्या आमच्या कॉलेजात यायच्या. घरची शेती आजोबांपर्यंतच, पुढे सगळे मास्तर. मी कमळाकर, त्यांच्या लॅबचा शिपाई. वीस वर्षांत बाईंनी एकाही पोराला फुकट मार्क दिला नाही. हुशारी भरपूर, पण समोरच्याला 'कशाला हवंय?' असं विचारायची सवय नव्हती. तेच नडलं.

नेटवर नाव लपवून लिहिणाऱ्यांचा त्यांचा अभ्यास होता. असल्या माणसांसाठी वेगळं नेटवर्क असतं, तिथे कोणाचा पत्ता लागत नाही. मॅडमनी मात्र लावला. आपल्याकडे प्रत्येक गावाची लाइट वेगळ्या वेळी जाते. काही टॉवरच्या बॅटऱ्या चोरांनी कधीच नेल्यात, त्यामुळे लाइटबरोबर नेटही जातं. लिहिणारा कधी गप्प झाला आणि लाइट कुठे गेली होती, हे जुळवत राहिलं की एकेक गाव गळत जातं.

पोलिसांचे एक साहेब आले. गांजा विकणारा शोधायचाय म्हणाले. मॅडमनी गुप्ततेच्या कागदांवर सह्या केल्या आणि कामाला लागल्या. चार महिन्यांत एकच जागा उरली, खांब गावाच्या बाजूची साठ घरांची आदिवासी वाडी. तिचं नाव त्यांनी कळवून टाकलं.

तोवर त्यांनी नुसत्या वेळाच बघितल्या होत्या. मग एका दुपारी त्या माणसाचं लिखाण वाचलं. गांजाचा पत्ताच नव्हता. एका कंपनीचे टँकर वाडीच्या ओढ्यात काय ओततात त्याच्या तारखा होत्या. त्या वाडीत असलं काही येणारं एकच माणूस होतं, त्यांची विद्यार्थिनी दर्शना. आदल्या वर्षी तिथल्याच काळुरामने उघड नावाने पोलिसांत तक्रार दिली होती. दोन दिवसांत ते नाव कंपनीच्या माणसांकडे पोचलं. काळुराम अजून कुबडीवर चालतो.

साहेबांना आता खात्री करायची होती. "मंगळवारी अकराला वाडीची लाइट आम्हीच बंद करतो. गप्प झाला की आत शिरायचं."

त्या नेटवर्कवर फक्त लिहिणाऱ्यालाच दिसेल असा निरोप पाठवता येतो. सोमवारी मॅडमनी पाठवला : उद्या दहाच्या आत वाडी सोड, रोह्याच्या बाजारात जा, तिथूनच लिहीत राहा.

"खाली नाव घाला, मॅडम," मी म्हटलं. "तुमचं नाव बघून पोरगी धावत जाईल."

"मी सही करून बसलेय, कमळाकर. नोकरी जाईल, वर आतही टाकतील."

मला राग आला. पण मी तरी वाडीवर गेलो का? तिथे साध्या कपड्यातले दोन पोलीस बसलेत असं कळलं आणि मीही लॅबमध्येच बसून राहिलो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून लोक हसतात, आमच्या पाठी तो खराच होता. लाज वाटते, दुसरं काय सांगू?

संध्याकाळी उत्तर आलं. "तुम्ही कोण ते नाय सांगत, मग घर कशाला सोडू? आमच्या मॅडमनी शिकवलंय, नाव न सांगता कोण बोलवत असेल तर जायचं नाय."

मॅडमनी 'हे' एवढं अक्षर टाइप केलं. मग पुसलं.

मंगळवारी साहेब स्वतः लॅबमध्ये येऊन स्क्रीनसमोर बसले. मी चहा दिला. अकराला दोन मिनिटं कमी असताना एक ओळ आली : "आज सकाळी परत टँकर आला. नंबर पुढच्या ओळीत."

पुढची ओळ आली नाही.

साहेबांनी घड्याळ बघितलं, फोन लावला. "शिरा. एकेक घर उलथं करा."

"मारू नका हो तिला," मॅडम रडतच म्हणाल्या. "पोर आहे ती."

साहेबांनी फोन कानापासून खाली घेतला, खुर्ची मॅडमकडे वळवली.

"ती? मग साठ घरं कशाला उलथायची, मॅडम? नाव सांगा."