शेजारणीचे सहा महिने

टीबी दोघींना एकाच महिन्यात निघाला, शेजारणीला छातीचा आणि मला मणक्याचा. चारकोपला आमच्या दोन दारांपुढे एकच गॅलरी. सकाळी सातला उपाशीपोटी ती मास्क लावून तिच्या टोकाला, मी माझ्या टोकाला, अशा उभ्या राहून आम्ही गोळ्या घ्यायचो आणि रिकामी पट्टी एकमेकींना दाखवायचो. नियम तिनेच काढलेला. तेव्हा मजल्यावरची माणसं तिला टाळायची, माझ्याशी मात्र नीट बोलायची. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकते.

सहा महिन्यांनी तिचा कोर्स संपला. तिने अख्ख्या मजल्याला बर्फी वाटली. मला डॉक्टर म्हणाले, हाडातला टीबी चिवट असतो, वर्ष-दीड वर्ष धरा. माझ्या कमरेला पट्टा, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. आणि ही बया पॅकिंगच्या कामाला परत लागली, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढायला लागली. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पाठ दुखायची थांबली होती. हिला सहा महिने पुरतात तर मला का नाही, असं मनाने घेतलं आणि कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. गोळ्यांनी केशरी झालेली लघवी पुन्हा साधी झाली तेव्हा तर जिंकल्यासारखं वाटलं. ती मात्र सातला पाण्याचा ग्लास घेऊन उभी असायचीच. मिरवायला येते, असं मला वाटायचं. मी गोळ्या मुठीत लपवून नुसतं पाणी प्यायचे, रिकामी पट्टी दाखवायचे आणि ती आत गेली की गोळ्या कठड्यावरच्या मोगऱ्याच्या कुंडीत खोचायचे.

मला वजन उचलायची बंदी झाल्यापासून त्या कुंडीला पाणी तीच घालत होती. जळण्याच्या नादात मी हे साफ विसरले.

तिसऱ्या आठवड्यात तिने माझी बेल वाजवली. तळहातावर लाल चिखल आणि त्यात फुगलेल्या गोळ्या.

"तुझं संपलं ना," मी म्हटलं. "मला बघवत नव्हतं."

ती म्हणाली, "मी कशाला उभी राहते गं रोज? मला काय सकाळी सातला पाण्याची तहान लागते?"

अर्धी रजा टाकून तीच मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी झापलं, पुन्हा तपासण्या केल्या आणि कोर्स आणखी लांबवला.

ती पिशव्या घेऊन जिना चढते तेव्हा मी अजून जळते. पण सकाळी सातला ती रिकामी पट्टी बघतच नाही. "आ कर," म्हणते. मी आ करते.